मदत ही अमानत आहे, मेहेरबानी नाही

२०२१ सालची बकरी ईद २१ जुलैला होती. दुसऱ्याच दिवशी पहाटे वाशिष्ठी आणि शिव नदीचे पाणी चिपळूण शहरात शिरले. त्याच दिवशी महाडमध्ये सावित्रीने थैमान घातले आणि तळिये गावावर दरड कोसळली. दोन दिवसांनी आम्ही काही जण टेम्पोत तांदूळ, चादरी, बिस्किटे आणि पाण्याच्या बाटल्या भरून चिपळुणात पोहोचलो. माझ्याकडे काम होते यादीचे. स्थानिक जमातीच्या मंडळींनी आधीच नावे लिहून ठेवली होती. नाव वाचायचे, किट द्यायचे, खूण करायची, एवढेच.

दुपारी एक बाई आल्या. कोपरापर्यंत चिखल. म्हणाल्या, "दादा, आमचं नाव नाही का यात?" मी यादी वरून खाली पाहिली. नव्हते. त्या शेजारच्या गल्लीतल्या. यादी आमच्या मोहल्ल्याची. मी म्हणालो, "ताई, ही यादी आमच्या जमातीने केलीय. तुमच्याकडे दुसरे लोक येतील." त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "पाणी काही यादी बघून आलं नव्हतं, दादा."

संध्याकाळी आम्ही किट त्यांच्या घरी पोहोचवले. त्यांनी ते घेतले, काही बोलल्या नाहीत. घराच्या भिंतीवर पाण्याची जी रेघ उमटली होती, ती आमच्या मोहल्ल्यातल्या रेघेच्याच उंचीची होती.

आजचा विषय सरकारी मदतीचा आहे. सरकारकडे बोट दाखवण्याआधी स्वतःचा हा प्रसंग सांगणे मला गरजेचे वाटले. यादी कोण करतो, कोणाला विचारून करतो आणि तिच्यात कोण सुटतो, हा प्रश्न मंत्रालयात जेवढा आहे तेवढाच आपल्या मोहल्ल्यातही आहे. फरक इतकाच की आम्ही वाटत होतो ते वर्गणीचे होते. सरकार वाटते ते सर्वांच्या करातून आलेले असते. वर्गणीच्या यादीत कोणी सुटला तर ती आमची चूक. सरकारी यादीत कोणी मुद्दाम सोडला गेला, तर तो अन्याय.

पिशवीवरचा फोटो

मदतीतले राजकारण सर्वात आधी दिसते ते पिशवीवर. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नई बुडाली, तेव्हा मदतीच्या पाकिटांवर तत्कालीन मुख्यमंत्री जयललिता यांच्या फोटोची स्टिकर लावली जात असल्याच्या बातम्यांनी देशभर संताप उसळला. स्वयंसेवी संस्थांनी आणलेल्या सामानावरही पक्षाचे कार्यकर्ते स्टिकर लावतात, अशा तक्रारी होत्या.

तेव्हा आपण महाराष्ट्रात बसून हसलो. चार वर्षांनी, ऑगस्ट २०१९ मध्ये, सांगली-कोल्हापूरला महापुराने वेढा घातला. सरकारी धान्याच्या पाकिटांवर मुख्यमंत्र्यांचे आणि स्थानिक आमदारांचे फोटो असलेली स्टिकर दिसली. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. त्याच दिवसांत, क्षेत्र दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्याखाली असेल तरच मोफत धान्य, अशी अट असलेला शासन निर्णय समोर आला आणि लोक खवळले. घरात गळ्याइतके पाणी असताना तास कोण मोजणार? सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टीने हाहाकार माजवला, तेव्हा धाराशिव भागात वाटलेल्या किटवर सत्ताधारी आघाडीतल्या एका पक्षाच्या नेत्यांचे फोटो होते, आणि पुन्हा तोच वाद झाला.

तीन घटना, तीन वेगळे पक्ष. म्हणून हा लेख एखाद्या पक्षाविरुद्ध वाचू नका. सत्तेत जो असतो त्याला हा मोह होतो.

कोणी म्हणेल, पक्षाने स्वतःच्या पैशाने किट दिले तर फोटो लावायला काय हरकत? कायद्याने कदाचित नसेलही. पण पूरग्रस्त माणसाला पक्षाची पिशवी आणि सरकारची पिशवी यांतला फरक कळावा कसा? दोन्हींवर तोच चेहरा, दोन्ही वाटायला तेच कार्यकर्ते. हळूहळू त्याच्या मनात बसते की जे मिळाले ते या साहेबांनी दिले. मग पुढच्या वेळी नाव यादीत नसेल तर तो तहसील कचेरीत जात नाही, साहेबांच्या कार्यालयात जातो. फोटोचे खरे नुकसान हे आहे. शाई-कागदाचा खर्च किरकोळ. नागरिकाचा हक्क गुपचूप उपकारात बदलतो, ती किंमत मोठी आहे.

पिशवीपेक्षा मोठा प्रश्न: किती आणि कोणाला

फोटो डोळ्यांना दिसतो म्हणून आपण त्यावर बोलतो. पण मोठे निर्णय फोटोशिवाय होतात.

मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळाने कोकण किनारपट्टी झोडपली आणि पुढे ते गुजरातला धडकले. पंतप्रधानांनी गुजरातची हवाई पाहणी केली आणि त्या राज्यासाठी तातडीचे १,००० कोटी रुपये जाहीर केले. महाराष्ट्रात तेव्हा विरोधी आघाडीचे सरकार होते. मग आमचे काय, असा प्रश्न इथल्या सत्ताधाऱ्यांनी विचारला. नुकसानीचा अंदाज आल्यावर इतर राज्यांनाही मदत मिळेल, असे केंद्राकडून सांगण्यात आले. गुजरातचे नुकसान खरोखरच मोठे होते, त्यामुळे त्या रकमेबद्दल माझी तक्रार नाही. माझा मुद्दा असा आहे की, रक्कम कोणत्या हिशेबाने ठरली हे त्या दिवशी कोणालाच तपासता येत नव्हते. जिथे हिशेब दिसत नाही तिथे संशय उभा राहतो. निर्णय प्रामाणिक असला तरी राहतो.

२०२४ मध्ये तर कर्नाटक सरकार दुष्काळी मदतीसाठी सर्वोच्च न्यायालयात गेले. राज्याची मागणी १८ हजार कोटींहून अधिक होती. केंद्र आणि राज्ये यांच्यात अशी स्पर्धा नको, अशी भावना न्यायालयाने सुनावणीत व्यक्त केली. एप्रिलअखेर केंद्राने सुमारे ३,४५४ कोटी रुपये मंजूर केले. मागणी फुगवलेली होती की मंजुरी कंजूस होती, यावर दोन्ही बाजूंनी भाषणे झाली. शेतकऱ्याचा हंगाम मात्र तोपर्यंत निघून गेला होता.

इथे यंत्रणा थोडी समजून घेऊ, कारण आपल्या तरुणांना ती माहीत असली पाहिजे. मदतीचे दोन मुख्य झरे आहेत. पहिला, राज्य आपत्ती प्रतिसाद निधी. त्यात महाराष्ट्रासारख्या राज्यासाठी केंद्राचा वाटा ७५ टक्के आणि राज्याचा २५ टक्के. या निधीत कोणत्या राज्याला किती, हे वित्त आयोग आधीच ठरवून देतो. पंधराव्या वित्त आयोगाने त्यासाठी राज्याचा आधीचा खर्च, क्षेत्रफळ, लोकसंख्या आणि आपत्तीचा धोका हे निकष धरले. या पैशावर फारशी भांडणे होत नाहीत, कारण सूत्र आधी ठरलेले आहे आणि छापलेले आहे.

दुसरा झरा, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधी. आपत्ती फारच मोठी असेल तर राज्य केंद्राकडे निवेदन देते, केंद्रीय पथक पाहणीला येते आणि शेवटी केंद्रीय गृहमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील उच्चस्तरीय समिती रक्कम ठरवते. इथे सूत्र कमी, मर्जी जास्त. बहुतेक भांडणे याच टप्प्यावर होतात. जिथे नियम आधी लिहिला गेला तिथे शांतता आणि जिथे निर्णय नंतर होतो तिथे आरोप, हा योगायोग नाही.

निवडणुकीचे वर्ष

शॉन कोल, अँड्र्यू हीली आणि एरिक वर्कर या तीन अभ्यासकांनी भारतातील पाऊस, मदतीचा खर्च आणि निवडणुकांचे निकाल एकमेकांशी ताडून पाहिले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शोधनिबंधाचा निष्कर्ष आपल्याला आरसा दाखवणारा आहे. पाऊस बिघडला की मतदार सत्ताधाऱ्यांना शिक्षा करतात. सरकारने जोमाने मदत केली तर ती शिक्षा सौम्य होते. पण मतदारांची ही आठवण निवडणुकीच्या आधीच्या एका वर्षापुरतीच टिकते, असे त्यांना दिसले. आणि सरकारेही त्याच हिशेबाने निवडणुकीच्या वर्षात मदतीचा हात सैल सोडतात.

म्हणजे दोष एकट्या पुढाऱ्याचा नाही. आपण मतदानाच्या आदल्या पावसाळ्याचेच लक्षात ठेवतो, म्हणून तोही तेवढ्याच पावसाळ्याची काळजी करतो.

यालाच जोडून दुसरा एक अभ्यास सांगतो, तो आशा देणारा आहे. टिमोथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस यांनी १९५८ ते १९९२ या काळातील भारतातील १६ राज्यांची आकडेवारी तपासली. ज्या राज्यांत वृत्तपत्रांचा खप जास्त होता, तिथली सरकारे पीक बुडाल्यावर धान्य वाटण्यात आणि पुरानंतर मदत करण्यात अधिक तत्पर होती. विशेष म्हणजे हा परिणाम प्रादेशिक भाषांतल्या वृत्तपत्रांचा होता. मराठीत लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या आपल्यासारख्यांनी हे लक्षात ठेवावे. आपल्या वस्तीत काय घडले हे आपण आपल्या राज्याच्या भाषेत लिहिले, तर ते कलेक्टर कचेरीपर्यंत पोहोचते.

हा रोग फक्त आपलाच आहे असेही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाला मिल्टन वादळ धडकले. ज्या घरांसमोर ट्रम्प यांच्या प्रचाराच्या पाट्या आहेत ती घरे टाळा, अशी सूचना तिथल्या केंद्रीय आपत्ती संस्थेच्या एका कर्मचाऱ्याने आपल्या पथकाला दिल्याचे उघड झाले. तेव्हा सत्तेवर ट्रम्प यांचे विरोधक होते. पण काही आठवड्यांत त्या कर्मचाऱ्याला नोकरीवरून काढून टाकण्यात आले. चूक तिथेही होते. मात्र ती चूक ठरवणारा नियम आणि बोलणारी माणसे हजर होती.

"राजकारण करू नका" म्हणणारे

इथे एक सावधगिरी. प्रत्येक आपत्तीत एक वाक्य हमखास ऐकू येते: "ही राजकारण करण्याची वेळ नाही." बहुतेकदा ते वाक्य सत्तेतल्या माणसाचे असते आणि प्रश्न विचारणाऱ्याला उद्देशून असते. धरणातून पाणी कधी सोडले, इशारा वेळेवर दिला का, बोटी किती होत्या, हे विचारले की ते राजकारण ठरते. आणि पाकिटावर फोटो लावणे मात्र जनसेवा!

आपल्याला ही गफलत नको. आमदाराने आपल्या मतदारसंघासाठी सभागृहात भांडावे, विरोधी पक्षाने पॅकेज अपुरे आहे म्हणावे, शेतकऱ्यांनी मोर्चा काढावा, हे लोकशाहीचे राजकारण आहे आणि ते हवेच. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारने अतिवृष्टीग्रस्तांसाठी ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले आणि मदतीची मर्यादा दोन हेक्टरवरून तीन हेक्टर केली, ते काही कोणाच्या स्वप्नात येऊन झाले नाही. गावागावांतून दबाव होता. निसर्ग चक्रीवादळानंतर श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुड पट्ट्यातल्या बागायतदारांनी ओरड केली की आमच्या वाड्या गुंठ्यांत आहेत, हेक्टरी हिशेबाने आमच्या हाती काय पडणार? तेव्हा नारळ-सुपारीची भरपाई झाडागणिक देण्याचा निर्णय झाला. हेही राजकारणच, पण नियम सुधारणारे.

म्हणून रेघ स्पष्ट ओढू. मदतीचा नियम काय असावा, यावर जितके राजकारण करायचे तितके करा, आणि ते उघड्यावर करा. एकदा नियम ठरला की त्यात कोणाचे नाव बसते, हा निर्णय राजकारणाच्या हाती नको. तिथे पाण्याची रेघ बोलेल, पंचनामा बोलेल. बूथचा क्रमांक आणि आडनाव यांना तिथे तोंड नको.

कायदा काय म्हणतो, काय म्हणत नाही

२००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर दलित कुटुंबांना मदत छावण्यांत आणि वाटपात डावलल्याच्या गोष्टी नोंदवल्या गेल्या. त्यानंतरच्या वर्षी, २००५ मध्ये, आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्याचे कलम ६१ प्रत्येकाने लक्षात ठेवावे. आपत्तीग्रस्तांना भरपाई आणि मदत देताना लिंग, जात, समुदाय, वंश किंवा धर्म या कारणांवरून भेदभाव करता येणार नाही, असे ते कलम सांगते. उद्या कोणी तुमच्या वस्तीला वगळले, तर अर्जात हा क्रमांक लिहा. अधिकारी खुर्चीत जरा सरळ बसतो.

पण त्या यादीत एक शब्द नाही: राजकीय मत. कोणी कोणाला मत दिले, कोणत्या पक्षाचा झेंडा घरावर आहे, यावरून भेदभाव करू नये असे हे कलम वेगळे सांगत नाही. संविधानाचे अनुच्छेद १४ समानतेची हमी देते, त्याखाली दाद मागता येते. पण छाती एवढ्या पाण्यातून बाहेर पडलेल्या माणसाने उच्च न्यायालयाची पायरी चढावी, ही अपेक्षा क्रूर आहे. शिवाय कलम ६१ मोडणाऱ्यासाठी त्या कलमात शिक्षाही सांगितलेली नाही. मदतीचा पैसा किंवा सामान लाटणाऱ्याला कलम ५३ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, खोटा दावा करणाऱ्या पूरग्रस्तालाही कलम ५२ खाली तेवढीच. मग मुद्दाम वगळणाऱ्याला काय?

उपकाराचे हक्कात रूपांतर करण्याची वाट महाराष्ट्राला नवी नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडण्याची कामे निघाली, लाखो लोक त्यावर जगले. त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये आला. काम मागणाऱ्याला काम देणे हे सरकारवर बंधन झाले. कायद्याने हक्क दिला म्हणजे शिफारशीची चिठ्ठी संपली, असे प्रत्यक्षात पूर्णपणे घडले नाही. तरी मागणाऱ्याची मान ताठ झाली, आणि पुढे देशाने तोच विचार उचलला. आपत्तीच्या मदतीलाही तसाच आधार हवा.

आपली माणसे कुठे गळतात

आपल्या समाजाबद्दल स्पष्ट बोलतो. आपल्याला मुसलमान म्हणून मुद्दाम वगळले, असे दर वेळी घडत नाही. बऱ्याचदा आपण नियमांच्या फटीतून गळतो. ती फट ओळखली नाही तर आपण फक्त रडत बसू.

मदतीचे निकष जमिनीभोवती बांधलेले आहेत. सातबारा असेल तर पिकाची भरपाई. पण आपल्यातले कितीतरी लोक गॅरेजवाले, भंगारवाले, बेकरीतले कामगार, फेरीवाले, यंत्रमागावर राबणारे. हातगाडी वाहून गेली तर तिचा पंचनामा कोणत्या रकान्यात करायचा, हे तलाठ्यालाही सुचत नाही. घराच्या भरपाईसाठी बांधकाम अधिकृत असावे लागते. नदीकाठच्या वस्तीवर 'अतिक्रमण' असा शिक्का असतो. सपाट भागातल्या पक्क्या घरासाठी केंद्रीय निकष १ लाख २० हजारांचा, झोपडीसाठी ८ हजारांचा. भाडेकरू असाल तर घर मालकाच्या नावावर, भिजलेला संसार तुमचा, आणि पंचनाम्याच्या वेळी नेमका मालक हजर.

त्यात कागदांचा घोळ. आधारवर 'शेख', रेशनकार्डावर 'शैख', बँकेत वडिलांचे नाव मधे, मतदार यादीत आजोबांचे. मदत थेट खात्यात येते, त्यामुळे एका अक्षराने पैसे अडकतात. हे कोणाचे कारस्थान नाही. पण अडकलेला माणूस सुटण्यासाठी ज्याच्याकडे जातो, तो पुढारी असतो. तो एक फोन करतो, काम होते, आणि कुटुंब पाच वर्षे त्याचे ऋणी राहते. राजकारण मदतीत शिरते ते बहुतेक वेळा याच दाराने. कचेरीने स्वतःहून करायचे काम पुढाऱ्याच्या फोनने होते, म्हणून फोन महाग होतो. दार बंद करायचे असेल तर कागद पाण्याआधी नीट करा.

आमच्या मागण्या

या मासिकाच्या वतीने मी काही मागण्या मांडतो. सर्व पक्षांच्या लोकप्रतिनिधींपुढे.

एक, सरकारी खर्चाच्या मदतीवर कोणाही व्यक्तीचा फोटो, पक्षचिन्ह किंवा घोषणा नको. फक्त 'महाराष्ट्र शासन' आणि तक्रारीचा दूरध्वनी क्रमांक. पक्षांना स्वतःची मदत द्यायची असेल तर ती सरकारी केंद्रावरून वाटता कामा नये.

दोन, पंचनाम्याची यादी वाटपाआधी ग्रामपंचायत, वॉर्ड कार्यालय आणि संकेतस्थळावर लावा. नाव, नुकसानीचा प्रकार, मंजूर रक्कम. बँक खाते आणि आधार क्रमांक वगळून. ज्यांची नावे नाकारली त्यांची यादी कारणासह लावा. अनुदानाच्या लाभार्थ्यांचा तपशील स्वतःहून जाहीर करण्याचे बंधन माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मध्ये आहेच.

तीन, भाडेकरू, फेरीवाले आणि कारागीर यांच्यासाठी पंचनाम्यात स्वतंत्र रकाना हवा. घर कोणाच्या नावावर आहे यापेक्षा त्यात राहते कोण, हे तातडीच्या मदतीसाठी पुरेसे मानावे.

चार, कलम ६१ मध्ये 'राजकीय मत' हा शब्द यावा, आणि मुद्दाम वगळणाऱ्यावर कारवाईची तरतूद यावी.

पाच, राष्ट्रीय निधीतून मदत देताना राज्याची मागणी, पथकाचा अहवाल आणि मंजुरीची कारणे एकाच वेळी प्रसिद्ध व्हावीत. कारणे छापली की भाषणे आपोआप कमी होतात.

आणि आपले घर

आता मुद्दा आपल्याकडे वळतो. सांगली-कोल्हापूरच्या पुराच्या वेळी, १२ ऑगस्ट २०१९ ला बकरी ईद आली. अनेक ठिकाणी लोकांनी ईद साधेपणाने केली, कुर्बानीच्या खर्चातला हिस्सा पूरग्रस्तांना दिला, मशिदींची दारे उघडली. मला त्याचा अभिमान आहे. पण अभिमानाच्या शेजारीच आपल्या संस्थांचे बॅनरही आठवतात. म्हातारीच्या हातात किट, शेजारी आठ पदाधिकारी, सगळ्यांच्या नजरा कॅमेऱ्यात. आपण पुढाऱ्याच्या स्टिकरवर टीका करायची आणि आपल्या पिशवीवर ट्रस्टचे नाव ठळक छापायचे?

कुरआनच्या सूरह अद-दहरमध्ये अशा लोकांचे वर्णन आहे, जे गरिबाला, अनाथाला आणि कैद्याला जेवू घालतात आणि त्याबदल्यात मोबदला तर सोडाच, आभारही अपेक्षित नसतात. कैदी, म्हणजे ज्याच्याशी कदाचित कालपर्यंत लढाई होती तोसुद्धा. आणि सूरह अल-माइदा बजावते की एखाद्या गटाबद्दलच्या वैरामुळे न्याय सोडू नका. मदतीतल्या राजकारणाचे दोन्ही प्रकार, उपकार दाखवणे आणि विरोधकाला वगळणे, या दोन शिकवणींत येऊन जातात.

हिजरी सन १८ मध्ये मदीना आणि आसपासच्या प्रदेशात भीषण दुष्काळ पडला. इतिहासात त्याला आम-उर-रमादा, राखेचे वर्ष म्हणतात. खलिफा हजरत उमर (रजि.) यांनी इजिप्त आणि सीरियाच्या सुभेदारांकडून धान्याचे तांडे मागवले, मदीनेबाहेर येऊन पडलेल्या लोकांची मोजदाद करून त्यांना जेवण दिले, आणि लोकांना मिळेपर्यंत स्वतः तूप-मांस खाणार नाही असा निर्धार पाळला, असे रिवायतींमध्ये येते. बैतुल-माल ही राज्यकर्त्याच्या हातातली अमानत आहे, मालकी नाही, हा विचार त्यामागे होता. अमानतीवर आपला फोटो कोण लावतो?

जकातीचे नियम वेगळे आहेत, ते आलिम सांगतील. पण सदका, वर्गणी आणि आपली मेहनत यांना धर्माची हद्द नाही. आपण सरकारला सांगतो आहोत की यादी पाण्याच्या रेघेवरून करा. मग आपलीही यादी तशीच हवी. तरच आपल्या मागणीला वजन येईल.

पावसाळ्याआधी

तरुण वाचकांना माझे सांगणे साधे आहे. मोहल्ल्यातल्या मुला-मुलींनी एक रविवार काढावा. घरोघरी जाऊन आधार, रेशनकार्ड आणि बँकेतले नाव एकच आहे का ते पाहावे, नसेल तर दुरुस्तीचा अर्ज भरून द्यावा. भाडेकरूंनी भाडेकरार किंवा निदान वीजबिलाची प्रत मोबाइलमध्ये ठेवावी. दुकानातल्या सामानाचे फोटो दर दोन महिन्यांनी काढून ठेवावेत. तलाठी आणि वॉर्ड अधिकाऱ्याचा क्रमांक मशिदीच्या फळ्यावर लिहावा. पाणी ओसरले की चिखल काढण्याआधी भिंतीवरच्या रेघेचा फोटो घ्यावा. नंतर तीच तुमची साक्षीदार. पंचनाम्याला अधिकारी आले की सोबत चालावे, नम्रपणे. पुढच्या गल्लीतही चालावे, ती आपली नसली तरी.

आणि मतदानाच्या दिवशी फक्त गेल्या पावसाळ्याचे नव्हे, पाचही पावसाळ्यांचे आठवावे. किट कोणी दिले यापेक्षा यादी कोणी उघडी ठेवली, हे विचारावे.

चिपळूणच्या त्या ताईंचे नाव मी तेव्हा विचारले नाही. यादीत नव्हते म्हणून विचारले नाही. तेव्हापासून कुठेही मदतीला गेलो तर यादीची पहिली पाने कोरी ठेवतो. ज्यांची नावे कोणीच आणून दिलेली नसतात, ती आधी लिहितो.